हा माल कुणाचा? सिम्युलेटर खेळ बनवणाऱ्या मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

प्रागमध्ये बसून संगणकावरचा ट्रकचा खेळ बनवणारे, झुरिकजवळ शेतीचा बनवणारे, बोर्दोमध्ये विमानाचा, ब्रायटनमध्ये पाण्याच्या फवाऱ्याने भिंती धुण्याचा आणि तुर्कस्तानात किराणा दुकानाचा खेळ बनवणारे तुम्ही सगळे, तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितोय. वेगवेगळी पाच लिहायची तर वेळ नाही. शिवाय तुम्ही एकत्र बसावं हीच माझी मागणी आहे, तेव्हा पत्रही एकत्रच वाचा.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात टायरचं दुकान चालवतो. पंक्चर, रिमोल्ड, हवा, सगळं. रात्री साडेनऊला शटर ओढतो, हात कितीही घासले तरी नखांतला काळा रंग जात नाही, जेवतो आणि तासभर दुसऱ्या कुणाचं तरी काम करत बसतो. कधी युरोपात ट्रक हाकतो, कधी भात लावतो, कधी कुणाचं अंगण धुतो. बायको म्हणते, दिवसभर काम करून रात्री पुन्हा काम, तेही फुकट. तिला उत्तर द्यायचं मी कधीच सोडून दिलंय.

गेल्या चवथीला बाबा मागे येऊन उभे राहिले. युरो ट्रक सिम्युलेटर 2 चालू होता. कॅलेहून डुइसबर्गला वीस टन सफरचंदं घेऊन निघालो होतो, पाऊस, वायपर, आरशात ट्रेलर, सगळं झकास. बाबांनी पंधरा वर्षं टिपर चालवला. पहिली पाच मिनिटं गप्प उभे होते. माझा गिअर बदलणं त्यांना पसंत नसावं. मग विचारलं, "माल कोणाचो रे हो?"

कंपनीचा, म्हणालो.

कुठली कंपनी? भरला कुणी? काट्यावर वजन कुणी घेतलं? तिकडे पोचल्यावर उतरवणार कोण? आणि उशीर झाला तर तिथे कुणाचं अडणार आहे?

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. ट्रेलर भरलेलाच मिळतो. तो नेऊन पिवळ्या चौकटीत उभा केला की पैसे जमा होतात, ट्रेलर जातो, आणि पुढच्या यादीत पुन्हा सफरचंदं असतात. उशीर झाला तर पैसे कापतात, पण अडत कुणाचंच नाही. बाबा "बरं" म्हणाले आणि माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या चौकटीखाली, जाऊन बसले. त्या दिवसापासून मला तुमचे खेळ तसेच खेळता येईनात. माल दिसला की विचार येतो, हा कुणाचा?

आता शेतीचं घ्या. फार्मिंग सिम्युलेटर 25 मध्ये तुम्ही भात आणलंत, म्हशी आणल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. 2008 पासून चालत आलेल्या, गहू-मका-बीट पिकवणाऱ्या खेळात चिखलात रोप लावायचं यंत्र दिसलं तेव्हा आमच्या दुकानातल्या पोरांनाही कौतुक वाटलं. पण कापणी झाली, ट्रॉली भरली, विक्रीच्या जागी नेऊन जाळीवर ओतली, की भात त्या जाळीतून खाली जातं आणि नाहीसं होतं. खाली गिरणी नाही, कोठार नाही, नुसतं भोक. भोकात भात, खात्यात पैसे. 2021 च्या आवृत्तीपासून गहू, पीठ, पाव अशी साखळी आली खरी, पण पाव दुकानाशी पोचवला की पुन्हा तेच भोक. तो पाव कुणी खात नाही.

सुपरमार्केट सिम्युलेटरमध्ये उलटं. तिथे संगणकावर ऑर्डर दिली की खोकी दुकानासमोरच्या रस्त्यावर लगेच पडतात. आणली कुणी? टेम्पो नाही, हमाल नाही, "साहेब, सही करा" म्हणणारा नाही. एका खेळात पाव भोकात जातो, दुसऱ्या खेळात आभाळातून पडतो. मध्ये माझा ट्रक आहे, तो तिसऱ्याच खेळात कुणाचीच नसलेली सफरचंदं वाहतोय.

पॉवरवॉश सिम्युलेटरचं तर विचारूच नका. मला तो खेळ फार आवडतो. पहिलंच काम म्हणजे चिखलाने माखलेली आपलीच व्हॅन धुणं, आणि एकेक भाग स्वच्छ झाला की ती टिंग वाजते, ती टिंग ऐकून मला झोप चांगली लागते. पण बहुतेक कामांत कळतच नाही की ही घाण केली कुणी.

हे सगळे खेळ एका जगात जोडावेत असं स्वप्न खेळणाऱ्यांत जुनं आहे. एकाने पिकवावं, दुसऱ्याने वाहावं, तिसऱ्याने विकावं, चौथ्याने गाडी दुरुस्त करावी. तुमच्याही कानावर ते आलं असणार. पण ही गोष्ट निघाली की सगळे नकाशाबद्दल बोलतात. केवढा मोठा नकाशा, किती शहरं, एका वेळी किती खेळाडू. माझं म्हणणं एवढंच आहे की नकाशा मागाहून जोडा, आधी अडणं जोडा. एकाचं काम थांबलं तर दुसऱ्याचं अडलं पाहिजे. ते नसेल तर कितीही मोठं जग करा, सगळे शेजारी-शेजारी एकटेच खेळत राहतील.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याकडे खनिजाचा धंदा होता. खाणीवर पोकलेन माल भरायचा, टिपर काट्यावर चढायचा, चलन, म्हणजे मालाची पावती, फाटायचं, टिपर आमोण्याच्या धक्क्यावर जाऊन ढीग टाकायचा, ढिगातून बार्ज, म्हणजे नदीतली सपाट मालवाहू बोट, भरायची, बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे, आणि तिथून मोठं जहाज चीन नाहीतर जपानला. हिशेब करा. टिपरमध्ये दहा टन. दोन हजार टनांची बार्ज भरायला 200 ट्रिपी. सत्तर हजार टनांचं जहाज धरलं तर 35 बार्जी, म्हणजे सात हजार ट्रिपी. एका जहाजामागे सात हजार वेळा कुणीतरी क्लच दाबलेला असतो, आणि त्या सात हजारांत आमच्या बाबांच्या दिवसाला सहा-सात. वहीत ते रेघा मारायचे, चार उभ्या आणि एक आडवी.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. त्यामागची कारणं खरी होती, बेकायदा उपसा झाला होता हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मी त्या वादात शिरत नाही. सांगायचंय ते वेगळं. कोर्टाने थांबवली खाण, पण थांबलं काय काय ते पाहा. पहिल्या आठवड्यात काहीच वाटलं नाही. उलट रस्त्यावर धूळ नाही म्हणून लोक खूश होते. टिपर घरासमोर उभा, बाबांनी त्याला धुऊन-पुसून चकचकीत केला. मग गॅरेजवाल्याकडे गाड्या येईनात. मग रस्त्याकडेच्या गाड्यावर भजी-पाव खाणारे ड्रायव्हर दिसेनात, त्याने संध्याकाळची चूल बंद केली. टायरची दुकानं, गाड्यांचे पाटे बनवणारे, वेल्डर, ताडपत्री शिवणारा. बार्जीवरचे खलाशी घरी आले. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही, तो एकटाच इमानदार निघाला. एप्रिल 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, लोक पुन्हा उभे राहत होते, तोवर फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीझ रद्द झाली आणि 16 मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. दुसऱ्या वेळी बाबांनी टिपर धुतला नाही. विकला. आलेल्या पैशांतून हे दुकान काढलं.

तुमच्या कुठल्याही खेळात हे घडू शकत नाही. पोकलेनचा खेळ आहे, ट्रकचा आहे, जहाजाचा आहे, गॅरेजचा आहे, पण ज्या दोरीने एकाला ओढलं की सगळे पडतात ती दोरी कुठल्याच खेळात नाही. मला ती हवी आहे. लोक म्हणतील, खेळात कुणाला मंदी हवी असते? मला हवी असते. मंदी आली की शेजारी कोण आहे ते कळतं.

आणि दोरीबरोबर धूळही हवी. पाळी, वेळगे भागात त्या काळी घरांच्या कौलांचा मूळ रंग कुणाला आठवत नसे. दारं-खिडक्या लावून बसायचे. वाळत घातलेले पांढरे शर्ट संध्याकाळी गुलाबी. तुळशीची पानं तांबडी. पावसात डंपावरचा, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या डोंगरावरचा, गाळ ओहोळातून शेतात उतरायचा, आणि भाताच्या खाचरावर साय धरावी तसा थर बसायचा. म्हणजे बाबांची प्रत्येक ट्रिप कुणाच्या तरी कौलावर आणि कुणाच्या तरी खाचरात थोडी थोडी पडत होती. हे बाबांना माहीत होतं. त्या गावातून जाताना ते गाडी हळू करायचे. मागचे हॉर्न वाजवायचे.

आता विचार करा. ट्रक खेळणाऱ्याने ताडपत्री न बांधता भरधाव ट्रिपी मारल्या, की पॉवरवॉश खेळणाऱ्याच्या वाट्याला त्या रस्त्यावरची वीस घरं येतात, आणि भात करणाऱ्याचं उत्पन्न घटतं. तो भात करणारा चिडून रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा घालतो. ट्रक अडतो. बार्ज रिकामी उभी राहते. एवढं एक प्रकरण तुमच्या सगळ्या मिशनांपेक्षा जास्त खेळवेल. आणि धुणाऱ्याला एकदाचं कळेल की घाण केली कुणी.

तुमचे इंजिनिअर म्हणतील, बोलायला सोपं आहे. मान्य. नुसत्या वेळेचाच घोळ बघा.

ट्रकच्या खेळात युरोप 1:19 प्रमाणात आखडलेला आहे आणि हमरस्त्यावर घड्याळही साधारण तेवढंच जोरात धावतं. दोन्ही एकत्र असल्याने फसवणूक जाणवत नाही. आमचा गोवा उत्तर-दक्षिण साधारण 105 किलोमीटर. त्या मापाने तो साडेपाच किलोमीटरचा होईल. पेडण्याहून निघून साठच्या वेगाने सहा मिनिटांच्या आत काणकोण ओलांडून कर्नाटकात. (पर्वरीला तेवढा वेळ नुसत्या सिग्नलला लागतो.) गाडी चालवताना हे चालून जातं. पण त्याच जगात बार्ज आणा. भरती-ओहोटीचं एक चक्र सुमारे 12 तास 25 मिनिटांचं. एकोणीसपट वेगात ते 39 मिनिटांत उरकेल. धक्क्यावर बार्ज बांधून खलाशी चहा प्यायला गेला तर परत येईपर्यंत ती चिखलात बसलेली. शेतीच्या खेळात वेळ खेळणाऱ्याच्या मुठीत असतो, एक महिना एका दिवसात संपवता येतो. आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पृथ्वी खऱ्या मापाची, घड्याळही खरं. दाबोळीहून मुंबईला पोचायला खराखुरा तास जातो. तेवढ्यात ट्रकवाल्याचे 19 तास झाले, तो एकदा झोपून उठला, आणि शेतकऱ्याने बटण दाबून दुबार पीकही काढलं. या तिघांना एका घड्याळाला बांधलंत तर एकाला कंटाळा येईल, दुसऱ्याला घेरी.

म्हणून मी सांगतो, घड्याळं बांधूच नका. ज्याचं घड्याळ त्याच्याकडे राहू दे. फक्त माल हातातून हातात जातो तो क्षण सगळ्यांचा एक करा. आमच्याकडे तेच होतं. पोकलेनवाला, टिपरवाला आणि बार्जवाला यांचा दिवस कधी एकसारखा नसायचा. टिपरवाला मिनिटं मोजायचा, बार्जवाला भरती. दोघं भेटायचे ते ढिगापाशी. ढीग म्हणजे थांबलेला वेळच. इकडून ट्रिपी पडत राहतात, तिकडून बार्ज उचलत राहते, ढीग फार वाढला की टिपर रांगेत थांबतात, संपला की बार्ज थांबते. चलनावर पाच गोष्टी लिहिलेल्या असायच्या: काय माल, किती वजन, कुठून, कुठे, कधी. तुमच्या खेळांनी एकमेकांना एवढ्या पाच गोष्टी कळवल्या तरी माझं निम्मं मागणं पुरं झालं. ट्रकच्या खेळाला भाताचं खाचर रेखाटता यायची गरजच नाही.

हे होत नाही असं म्हणू नका, कारण तुमच्याच गल्लीत ते होऊन गेलंय. 1980 च्या दशकात अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने सिमनेट उभं केलं. वेगवेगळ्या गावांतले रणगाड्यांचे आणि विमानांचे सिम्युलेटर एका रणांगणात. त्या काळच्या संथ तारांवरून चालवलं ते एका युक्तीवर: प्रत्येक यंत्र बाकीच्यांच्या जागेचा अंदाज स्वतःच बांधत राहतं, आणि आपली चाल त्या अंदाजाबाहेर गेली तरच समोरच्याला कळवतं. त्यातून पुढे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची 1278 आणि 1516 ही मानकं निघाली, आणि 1516 मध्ये तर वेगवेगळ्या गतीच्या घड्याळांनी एकत्र कसं चालायचं याची रीतसर तरतूद आहे. लढाईसाठी जमतं ते भातासाठी का जमू नये?

लष्कर सोडा. व्हॅटसिम बघा, विमानाचे खेळ खेळणाऱ्यांना इंटरनेटवर जोडणारं जाळं. 2001 पासून चालू आहे आणि ते चालवणारी हौशी मंडळी आहेत. एकाकडे एक्स-प्लेन, दुसऱ्याकडे मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर, तिसरा आपल्या घरी रडारचा पडदा उघडून कंट्रोलर बनलेला, आणि तिघं एकाच आकाशात. एकाला दुसऱ्याचं विमान दिसतं, आवाज ऐकू येतो, धावपट्टी मोकळी नसेल तर घिरट्या घालाव्या लागतात. जग प्रत्येकाचं आपापलं, नातं मात्र एक. मी एकदा नुसतं ऐकत बसलो होतो. कुणीतरी कुणाला थांबायला सांगत होतं आणि तो मुकाट्याने थांबत होता. अडण्यात एवढी मजा असते हे तुम्हाला त्यांनी दाखवून दिलंय.

त्याआधी 1996 मध्ये सिमकॉप्टर आला तेव्हा सिमसिटी 2000 मध्ये स्वतः वसवलेलं शहर त्यात उघडून त्यावरून हेलिकॉप्टर फिरवता यायचं. तीस वर्षं होत आली. नंतर ही वाट का सुटली देव जाणे.

एक अपशकूनही सांगतो, नाहीतर म्हणाल याने सोयीचं तेवढंच उचललं. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळाच्या मंडळींनी 2013 मध्ये डस्ट 514 आणला. एक खेळ संगणकावर, दुसरा फक्त प्लेस्टेशन 3 वर. जमिनीवरच्या शिपायाने हाक मारली की वरून अंतराळातला खेळाडू तोफ डागायचा. कल्पना नामी होती. पण ते यंत्र जुनं झालं, खेळणारे घटले आणि मे 2016 मध्ये डस्ट बंद पडला. ईव्ह चालूच राहिला. मी त्यातून एवढंच घेतो की जोडणी कुणा एकाच्या मालकीची नको. उद्या तुमच्यापैकी एकाने दुकान बंद केलं तर त्याच्या जागी दुसरा ट्रकचा खेळ त्याच चलनावर माल उचलू शकला पाहिजे. चलन सगळ्यांचं, गाड्या ज्याच्या त्याच्या. कंपन्यांचे परवाने, कुठल्या ट्रॅक्टरचं नाव कुठल्या खेळात चालेल वगैरे भानगडी वकिलांनी बघाव्यात, मला त्यात गती नाही.

अनोळखी लोक एकत्र आले की दंगा होतो, तोही होईल. ट्रकर्सएमपीवर, जिथे तोच ट्रकचा खेळ अनेक जण एकत्र खेळतात, कॅले ते डुइसबर्ग या एका रस्त्याची काय ख्याती आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळे तिथेच गर्दी करतात आणि एकमेकांवर आदळतात. पण का? कारण त्या ट्रकांत कुणाचाच माल नसतो. ज्याची वाट पाहणारं कुणी नाही त्याला धडकायला काय जातं? आमच्या रस्त्यावर टिपरवाले शर्यती लावायचे, अपघातही झाले, नाही म्हणत नाही. पण उलटलेल्या टिपरमागे रांग लागली की पहिल्या दहा मिनिटांत पन्नास माणसं हात लावायला उतरायची, कारण त्या रांगेत प्रत्येकाची एक ट्रिप बुडत होती.

एक कबुली द्यायला हवी. मला रात्री भिंत धुवायला आवडते ती याचसाठी की तिथे कुणी हाक मारत नाही. दिवसभर "भाऊ, जरा आधी माझं" ऐकलेल्या माणसाला तासभर कुणाचंच काही न अडणं हे सुख आहे. तेव्हा ते सुख काढून घेऊ नका. एकट्याचा खेळ एकट्याचा राहू दे, जोडायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि जोडलेल्या जगात ज्या कामाला माणूस मिळणार नाही, तिथे संगणकाचा बदली कामगार बसवा. आमच्या बार्जीवरही बदली खलाशी असायचे. काम करायचे, पण संथ, आणि जेवण आधी मागायचे. तसाच बनवा, म्हणजे खरा माणूस आला की सगळ्यांना आनंद होईल.

जग कसं बेतायचं असं विचाराल तर मी म्हणेन, आधी एक खाजन बनवून बघा. शहर नको, महामार्ग नको. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल जमीन. बांधात मानस, म्हणजे पाण्याचं लाकडी दार. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर निघतं. वीज नाही, मोटर नाही. आत खारं पाणी सोसणारं कोरगुट भात. मानशीच्या तोंडाशी ओहोटीला जाळं लावायचं, कोळंबी, मासे. त्या हक्काचा लिलाव होतो. आता पाहा, दार एक आणि त्याच्यावर नजर दोघांची. भातवाल्याला खारं पाणी बाहेर हवं, मासळीवाल्याला आत. मासळीवाल्याने रात्री हळूच फळी अडकवून पाणी आत राहू दिलं की भात करपलं. बांधाला खेकड्याने भोक पाडलं आणि कुणी चिखल लावायला गेलं नाही, तर दोघांचंही गेलं. यावरून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झालीत, आणि ती भांडणं मिटवायला गावकारीचे, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे, नियमही झालेत. शेतीचा खेळ, मासेमारीचा खेळ आणि बांधकामाचा खेळ, तिघांना मिळून तुम्हाला एवढंच एक दार बनवायचंय. ते जमलं तर पुढचं जमेल.

पुढचं म्हणजे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. समुद्राचा खेळ खेळणाऱ्याला हे 61 दिवस सुट्टी देऊन घरी बसवू नका. मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलर ओढून ठेवलेले असतात, तेव्हा तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, रंग काढायचा, जाळी विणायची. ते खरवडण्याचं आणि धुण्याचं काम ब्रायटनवाल्यांकडे पाठवा, त्यांना टिंग वाजवता येईल. मग चोडणची फेरीबोट घ्या, जिची वाट बघत रायबंदरला दुचाकींची रांग लागते. माझा भाचा मोबाइलवर बस सिम्युलेटर इंडोनेशिया खेळतो. त्याने गाडीला कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, रंग दिलाय, पाटी देवनागरीत लिहिलीय, "डिचोली–पणजी". इंडोनेशियाच्या रस्त्यांवर कदंब! पण त्याच्या बसमध्ये चढणारा माणूस कुठे जातो हे त्यालाही माहीत नाही. तो त्या किराणा दुकानात कामाला जाणारा पोरगा असू दे. बस चुकली तर दुकान उशिरा उघडेल.

आणि एवढं सगळं करताना माझ्या धंद्याला विसरू नका. तुमच्या खेळांत गॅरेज असतं, चकचकीत, लिफ्ट लावलेलं. तिथे टायर बदलतात तो पडद्यावर एका बटणावर. पंक्चरवाला हा रस्त्याच्या कडेला असतो, उन्हात, आणि त्याच्याकडे माणूस कधीही आनंदाने येत नाही. ट्यूब पाण्याच्या टबात दाबून धरायची, बुडबुडा शोधायचा, सापडला की त्यावर काडी रोवायची. तेवढ्या पाच मिनिटांत ड्रायव्हर सगळं सांगतो: धक्क्यावर रांग किती, कुठल्या खाणीचा काटा बिघडलाय, कोण गाडी विकतोय. बातम्या मला पेपरच्या आधी कळतात. तुमच्या जोडलेल्या जगात खेळाडूंनी एकमेकांना निरोप द्यायची सोय करणार असाल, तर ती कोपऱ्यातल्या मेसेजच्या खिडकीत करू नका. पंक्चरच्या दुकानात करा. ज्याला बातमी हवी त्याने टायर घेऊन यावं.

चाचणीला माणसं लागली तर आम्ही दोघं तयार आहोत. मी रात्री साडेनऊनंतर, बाबा कधीही. त्यांना कीबोर्ड जमणार नाही, पण ते धक्क्यावर उभे राहून तुमच्या ट्रिपी मोजतील. वही त्यांची स्वतःची आहे.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक टायरवाला

ता. क. नकाशा करताना लक्षात ठेवा, पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा येतो आणि तिथून बार्ज बाहेर काढता येत नाही. तेव्हा ती कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत घ्यावी लागते. कालवा अरुंद आहे. समोरून दुसरी बार्ज आली तर कुणी थांबायचं ते आधी ठरवून ठेवा.